कैसर, प्रभाग समिती आणि पाचारण: चर्चमधला वाचनगट कसा चालवावा

घोडबंदर रोडवरच्या एका चर्चच्या युवकप्रमुखांनी विचारलं आहे: आमच्याकडे २० ते ३२ वयाची तीसेक मुलं-मुली आहेत. राजकारणाचा विषय निघाला की निम्मी गप्प बसतात, निम्मी भांडतात. त्यांच्यासाठी वाचनगट सुरू करायचा आहे. कोणती पुस्तकं घ्यावीत, त्यात ‘पाचारण’ (देवाने माणसाला एखाद्या कामासाठी बोलावणं) कसं बसवावं, आणि चर्चला अडचणीत न आणता हे कसं चालवावं?

पुस्तकांची यादी आधी करू नका. यादीपासून निघालेला गट पहिल्या महिन्यात बारा पुस्तकं मागवतो, तिसऱ्या महिन्यात त्यातलं एक दोघांनी वाचलेलं असतं, आणि पाचव्या महिन्यात गट ‘सध्या जरा थांबलाय’. सुरुवात बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या १७व्या अध्यायाने करा, वचनं १४ ते २०. राजाने काय करू नये ते तिथे सांगितलं आहे: घोडे वाढवू नये, बायका वाढवू नये, सोनंरुपं साठवू नये. आणि गादीवर बसल्यावर रोज करायचं असं एकच काम दिलं आहे. नियमशास्त्राची प्रत स्वतःच्या हाताने उतरवून घ्यायची आणि जन्मभर रोज वाचायची. कशासाठी, तर आपल्या भाऊबंदांपेक्षा मी कुणी मोठा, असं त्याच्या मनाने घेऊ नये म्हणून. वाचन आणि राजकारण यांचा संबंध यापेक्षा थोडक्यात कुणी मांडलेला नाही, आणि गटाची पद्धतही यातूनच मिळते: उतरवून काढा, मोठ्याने वाचा, मग बोला.

तीस जणांचा गट होत नाही, सभा होते. आठ ते दहा जणांचे तीन गट करा. सहाच्या खाली संख्या गेली की दोघांची शिफ्ट बदलली तरी बैठक मोडते, आणि ऐरोली-महापेला काम करणाऱ्यांच्या शिफ्ट बदलतातच. पंधरा दिवसांतून एकदा, दीड तास, एकूण बारा बैठका. जूनच्या मध्यावर सुरुवात केली तर नोव्हेंबरअखेर संपतात. मे महिन्यात अर्धे गावी असतात आणि डिसेंबरात क्वायर सोडून कुणाला काही सुचत नाही. शेवटची तारीख पहिल्याच दिवशी सांगा. शेवट दिसत नसेल तर माणसं सातव्या-आठव्या बैठकीपासून गळायला लागतात.

मजकूर एका बैठकीला सहा पानांपेक्षा जास्त नको. छापील पानावर साधारण तीनशे शब्द असतात, आणि इंग्रजी माध्यमातून आलेली मुलं मराठी मोठ्याने वाचतात ती मिनिटाला शंभर शब्दांच्या वेगाने. म्हणजे सहा पानांना अठरा-वीस मिनिटं. हे वाचन बैठकीतच, आळीपाळीने, एकेक परिच्छेद. ‘घरून वाचून या’ हा नियम कागदावरच राहतो, आणि न वाचता आलेला माणूस ते लपवायला सगळ्यात जास्त बोलतो. घरून फक्त एक गोष्ट करून आणायची: त्या दिवसाची दहा-पंधरा ओळींची मुख्य वचनं वहीत हाताने उतरवलेली. मोबाइलवर टाइप केलेली चालणार नाहीत. हाताने लिहिताना नुसते डोळे फिरवून सुटणारे शब्द अडतात.

कसे अडतात ते मार्कच्या शुभवर्तमानाच्या १२व्या अध्यायावर बघा, वचनं १३ ते १७. कैसराला, म्हणजे रोमच्या सम्राटाला, कर द्यावा की देऊ नये, असं विचारून येशूला पेचात धरायला माणसं आली आहेत. तो आधी नाणं मागतो. म्हणजे ते त्याच्याजवळ नाही, विचारणाऱ्यांकडे आहे. एक दिनार, एका दिवसाची मजुरी. मग तो विचारतो, हा मुखवटा आणि हा लेख कोणाचा? बायबल सोसायटीच्या प्रचलित मराठी आवृत्तीत इथे ‘मुखवटा’ आहे, आणि उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देवाने माणसाला निर्माण केलं तिथे ‘प्रतिरूप’. मराठी वाचकाला दोन्हींत काही नातं दिसत नाही. ग्रीकमध्ये (उत्पत्तीच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात) दोन्हीकडे एकच शब्द आहे, एइकोन. मोबाइलवरचा ‘आयकॉन’ त्याचाच वंशज. ही चावी हाती आली की उत्तर उलगडतं. नाण्यावर कैसराचा छाप आहे, ते त्याला जाऊ द्या. पण माणसावर छाप कोणाचा? दुसरा बारकावा क्रियापदाचा. विचारणारे म्हणतात ‘द्यावा की देऊ नये’, आणि उत्तरात येतं ‘भरून द्या’, म्हणजे ज्याचं त्याला परत करा. ‘धर्म वेगळा, राजकारण वेगळं’ असा या वचनाचा जो सोपा अर्थ सगळीकडे सांगितला जातो, तो वहीत उतरवताना तोकडा वाटू लागतो. या पाच वचनांना पूर्ण बैठक द्या. दोन बैठका लागल्या तरी हरकत नाही.

पौलाच्या रोमकरांस पत्राचा १३वा अध्याय एकटा कधीही वाचू नका. ‘वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या अधीन असावे’ ही ओळ प्रत्येक राजवटीने आपल्या सोयीने भिंतीवर लावली आहे. अध्यायांचे आकडे पौलाचे नाहीत, ते तेराव्या शतकातले. म्हणून १२:१४ पासून १३:१० पर्यंत सलग वाचा: छळणाऱ्यांना आशीर्वाद द्या, वाइटाची फेड वाइटाने करू नका, मग अधिकारी, मग प्रीतीशिवाय कोणाचं ऋण ठेवू नका. त्याच बैठकीत प्रकटीकरणाचा १३वा अध्याय ठेवा. तिथे तीच रोमची सत्ता समुद्रातून वर येणारं श्वापद आहे. दोन्ही एकाच नव्या करारात आहेत, हे कळलं की गट आपोआप पोक्त बोलू लागतो. १९३४ च्या मे महिन्यात हिटलरच्या जर्मनीत बार्मेनला काही चर्चेसनी सहा कलमांची घोषणा केली. तिचं पाचवं कलम राज्यसंस्थेला देवाने नेमलेलं काम मान्य करतं, आणि त्याच दमात सांगतं की राज्याने माणसाच्या अख्ख्या जगण्याचा ताबा घेऊ नये. हे एक पान जोडीला पुरे.

यिर्मया २९:४–७ इथल्या गटात हमखास रंगतं. बाबेलला नेलेल्या लोकांना संदेष्टा लिहितो की घरं बांधा, बागा लावा आणि ज्या नगरात नेलं गेलात त्याचं भलं चिंता, कारण त्याच्या भल्यात तुमचं भलं आहे. नवी मुंबईत केरळचे, नगरकडचे, मराठवाड्यातले, मंगळूरचे सगळे हे पत्र आपल्यालाच आलं असं वाचतात. पण गटात गावठाणातला एखादा आगरी, कोळी किंवा ईस्ट इंडियन (इथल्या मूळच्या ख्रिस्ती समाजातला) मुलगा असेल तर तो विचारेल, आम्ही कुठून आलो? आम्ही कुठून आलो नाही, नगरच आमच्या अंगावर आलं. हा प्रश्न दाबू नका. सिडको १९७० साली आली, ९५ गावांच्या जमिनी गेल्या, जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तानला दि. बा. पाटलांच्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच जण गेले आणि नंतर जमीन गेलेल्यांसाठी साडेबारा टक्के भूखंडांची योजना आली. ज्याने भूखंड विकत घेतला आणि ज्याची जमीन गेली, असे दोघे शेजारी बसून यिर्मया वाचतात, त्या दिवशी बैठक वेळेत संपणार नाही. संपवूही नका. त्याच्या पुढच्या बैठकीला नहेम्याचा पाचवा अध्याय घ्या: शेतं गहाण, मुली दासी, आणि व्याज घेणारे आपलेच भाऊबंद.

आता पाचारण. मराठी चर्चमध्ये हा शब्द दोन ठिकाणी अडकला आहे. एक म्हणजे पुनरुत्थानकाळातला चौथा रविवार. त्या दिवशी पाचारण म्हणजे फादर किंवा सिस्टर होणं. दुसरं म्हणजे करिअर मार्गदर्शनाचं शिबिर. दोन्हींतून तो सोडवावा लागतो. प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या ल्यूथरने मठाबाहेरच्या कामालाही पाचारण म्हटलं, मोलकरणीच्या आणि चांभाराच्याही, कारण त्या कामाची गरज देवाला नाही, शेजाऱ्याला आहे. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ च्या चर्चविषयक दस्तऐवजात, ३१व्या परिच्छेदात, प्रापंचिकांचं (फादर-सिस्टर नसलेल्यांचं) पाचारण ऐहिक व्यवहारांतच आहे असं स्पष्ट लिहिलं. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ मध्ये राजकारणालाच उंचीचं पाचारण आणि प्रीतीचं एक श्रेष्ठ रूप म्हटलं. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट मुलं एकत्र असतील तर हे तीन उतारे शेजारी ठेवा. भांडणाला जागा उरत नाही.

मात्र १ करिंथ ७:२० जपून. ‘ज्याला ज्या स्थितीत पाचारण झाले त्याने त्याच स्थितीत राहावे.’ आपल्याकडे हे वचन जातीच्या कानाने ऐकलं जातं, आणि ऐकवलंही गेलं आहे. लगेच २१वं वचन वाचा: दास असताना पाचारण झालं असेल आणि मोकळं होता येत असेल, तर मोकळा हो. डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्ये म्हटलं होतं की जात ही नुसती श्रमाची विभागणी नाही, श्रमिकांची विभागणी आहे. ते वाक्य या बैठकीत फळ्यावर लिहा. त्यानंतर प्रश्न येईलच की दलित ख्रिस्ती अनुसूचित जातींत का नाहीत. तेव्हा अंदाजाने बोलू नका, कागद ठेवा: १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश, अनुसूचित जाती हिंदूंपुरत्या ठेवणारा त्यातला तिसरा परिच्छेद, १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध यांचा झालेला समावेश, आणि याच प्रश्नावर २०२२ मध्ये नेमलेला न्यायमूर्ती बालकृष्णन आयोग. या विषयावर गटातल्या दोन कुटुंबांचा अनुभव अगदी वेगळा असू शकतो. ज्यांनी जात भोगली आहे त्यांना आधी बोलू द्या.

पाचारणाची बैठक हवेत जाऊ नये म्हणून एक प्रकरण द्या. रस्ता काँक्रीटचा, कंत्राटात जाडी १५० मिलिमीटर. प्रत्यक्षात तीन ठिकाणी १२० भरली. मोजमाप पुस्तकात, म्हणजे एम.बी.त, नोंद करायची आहे ती पालिकेच्या पंचवीस वर्षांच्या कनिष्ठ अभियंत्याने. वरचा म्हणतो, सरसकट दीडशे लिही, सगळीकडे असंच असतं. नोकरी लागून आठ महिने झालेत, घरी कर्जाचा हप्ता. आता ‘तुम्ही काय कराल’ असं विचारू नका. सगळे शूर उत्तरं देतात. विचारा: सही नेमकी कुणाची लागते? नोंद करण्याआधी कोअर (जाडी तपासायला रस्त्यातून कापून काढलेला नमुना) काढून घेण्याची मागणी लेखी करता येते का? ती कुणाच्या नावे पाठवायची? नोकरी गेली तर हा गट त्या मुलाचे तीन महिन्यांचे हप्ते भरेल का? शेवटच्या प्रश्नावर शांतता पसरते, आणि बैठकीचं खरं काम तिथून सुरू होतं. मग संत ऑगस्टिनचं ‘देवाचं नगर’, १९वं पुस्तक, सहावा अध्याय: सत्य पूर्ण कळणं शक्य नाही हे माहीत असलेला शहाणा न्यायाधीश तरीही आसनावर बसतो, कारण समाजाची गरज त्याला तिथे ओढते, आणि या गरजेतून सोडव अशी देवाकडे याचना करतो. सरकारी नोकरीत, पोलिसात, कोर्टात असलेल्यांना ही दोन पानं डझनभर प्रवचनांपेक्षा जवळची वाटतात.

पुस्तकांविषयी माझं स्पष्ट मत: अमेरिकेतली ‘ख्रिस्ती आणि राजकारण’ छापाची पुस्तकं पहिल्या वर्षी नकोत. चांगली आहेत, पण ती दोन पक्षांच्या देशात, बहुसंख्य ख्रिस्ती वाचकांसाठी लिहिलेली आहेत. बंदुकीचा कायदा आणि त्यांच्या सर्वोच्च न्यायालयातल्या नेमणुका हे त्यांचे वाद. ठाण्यातला मुलगा ते वाचून स्वतःला तिथल्या एका बाजूला उभा करतो आणि आपल्या प्रभागाचं नाव त्याला सांगता येत नाही. आपल्याकडे काय कमी आहे? पंडिता रमाबाई घ्या: १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा, तिथल्या धर्मगुरूंशी आणि धर्मभगिनींशी सद्सद्विवेकाच्या अधिकारावरून ठाम पत्रव्यवहार, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन आणि त्याच वर्षी काँग्रेसच्या मुंबई अधिवेशनात हजेरी. ‘चर्चचं ऐकायचं की मनाचं’ हा वाद त्यांच्या पत्रांत आहे तितका धारदार मराठी माणसाला दुसरीकडे मिळणार नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’तून वडिलांच्या टोकाच्या सोवळ्याची पानं घ्या आणि मग पुढे स्वतः लक्ष्मीबाईंची शिवाशिव कशी सुटत गेली ती. माणूस मताने आधी बदलतो की पाण्याच्या भांड्याने, हे त्यात दिसतं. शिवाय ते वाचताना गट हसतो, आणि सहाव्या बैठकीपर्यंत हसण्याची गरज असते. त्यांचे पती रेव्हरंड टिळक यांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली, तो पाचारणाचाच प्रसंग.

राजकारणात प्रत्यक्ष उतरलेला माणूस हवा असेल तर बॅरिस्टर जोसेफ ‘काका’ बाप्टिस्टा (१८६४–१९३०). घराणं आपल्या भाईंदरजवळच्या उत्तनचं, लोकमान्यांचे सहकारी, होमरूल लीगचे अध्यक्ष, कामगार चळवळीतले पुढारी, १९२५ मध्ये मुंबई महापालिकेचे अध्यक्ष, म्हणजे आजच्या भाषेत महापौर. माझगावच्या बागेला त्यांचं नाव आहे, पण आपल्या मुलांना ती फक्त बाग म्हणून माहीत. आणि एक बैठक संविधान सभेची ठेवा: ६ डिसेंबर १९४८ ची चर्चा, धर्मस्वातंत्र्याच्या कलमात ‘प्रचार’ हा शब्द ठेवावा की नाही. लोकनाथ मिश्र यांचा विरोध पूर्ण वाचा, सौम्य करून नको. मग टी. टी. कृष्णम्माचारी वाचा. चौदा वर्षं ख्रिस्ती संस्थांत शिकूनही मला कुणी बाटवायला आलं नाही, असं सांगून ते बाजू घेतात. आपल्या हक्कासाठी आपल्याबाहेरचा माणूस बोलला, हे मुलांना ठाऊक नसतं.

चर्चला अडचण कुठे येऊ शकते ते नीट समजून घ्या. धार्मिक संस्थांचा गैरवापर रोखणारा १९८८ चा कायदा आहे. त्यात राजकीय कार्याची व्याख्या फार रुंद आहे. नुसता पक्षप्रचारच नव्हे, राजकीय स्वरूपाच्या प्रश्नासाठी सभा घेणंही त्यात येऊ शकतं. म्हणून चर्चच्या हॉलमध्ये फक्त अभ्यास. सह्यांची मोहीम, वॉर्डाच्या प्रश्नावरची सभा, नगरसेवकाची भेट हे सोसायटीच्या हॉलमध्ये किंवा वाचनालयात, गटाच्या नव्हे तर रहिवाशांच्या नावाने. उमेदवाराला ‘फक्त नाताळच्या शुभेच्छा द्यायला’ म्हणूनही व्यासपीठावर घेऊ नका. विधानसभा-लोकसभेला धर्माच्या आधारे मत मागणं हा लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२३(३) खाली ‘भ्रष्ट आचरण’ ठरतो, आणि २ जानेवारी २०१७ च्या निकालापासून त्यात मतदाराचा धर्मही येतो. फादरांना ‘मत कुणाला द्यावं’ हे विचारूच नका. कॅथलिक चर्चच्या कायद्यातली कलमं, कॅनन २८५ आणि २८७, त्यांना सत्तापद आणि पक्षकार्य या दोन्हींपासून दूर ठेवतात. बैठकीचं रेकॉर्डिंग नको, फोटो नको, व्हॉट्सअॅप ग्रुपवर फक्त वेळ आणि पानं. दीड मिनिटाची क्लिप कुठे जाईल याचा भरवसा नाही, आणि ही भीती असेपर्यंत कुणी मोकळं बोलणार नाही.

भांडण टाळण्याचा एक नियम पुरतो: पक्षाचं नाव घ्यायचं असेल तर हातात कागद हवा. जाहीरनामा, विधेयक, ठराव, अंदाजपत्रक, काहीही. फॉरवर्ड चालणार नाही. निम्म्या ठिणग्या इथेच विझतात. दुसरं बिघडतं ते असं की सगळे प्रश्न ‘आपलेच’ होतात: आपली दफनभूमी, आपल्या चर्चवरची दगडफेक, आपल्या शाळा. ते खरे प्रश्न आहेत. पण आपला एक घेतला की दुसरा आपला नसलेला घ्यायचा, असं आधीच ठरवा. नाहीतर यिर्मया वाचून काय उपयोग?

नवव्या बैठकीला प्रत्येक गटाने प्रभागातला एकच प्रश्न निवडायचा. समजा, स्टेशनजवळचं बायकांचं शौचालय बंद असतं. पहिला मसुदा नेहमी असा येतो: ‘सदर शौचालय बंद का आहे व जबाबदार अधिकाऱ्यांवर कारवाई का होत नाही?’ माहिती अधिकारात याला उत्तर मिळत नाही. तो कायदा दप्तरात असलेली माहिती देतो, खुलासे देत नाही. असं लिहा: ‘१ एप्रिलपासून आजपर्यंत सदर शौचालयाच्या देखभालीच्या कंत्राटाची प्रत, अदा केलेल्या देयकांच्या प्रती व तपासणी नोंदवहीची प्रत द्यावी.’ महाराष्ट्रात अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, शुल्क दहा रुपये, कोर्ट फी स्टॅम्प चालतो. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं, तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, वीस रुपयांचा स्टॅम्प लावून. अर्ज एका व्यक्तीच्या नावाने जातो, तेव्हा ते नाव कुणाचं हे गटाने बसून ठरवा; भाड्याने राहणाऱ्या एकट्या मुलीच्या पत्त्यावर टाकू नका. प्रती आल्या की देयकाच्या तारखा आणि कुलूप असलेले दिवस शेजारी मांडा. ते घेऊन प्रभाग समितीच्या कार्यालयात दोघांनी जायचं, एकाने बोलायचं, दुसऱ्याने लिहून घ्यायचं. तिथेही वही हाताने लिहिलेलीच न्या. फोन बाहेर काढला की समोरचा माणूस बोलायचा थांबतो.

नवव्या बैठकीपासून अर्ज फिरू लागतो आणि बारावीपर्यंत पहिलं उत्तर जेमतेम आलेलं असतं. बैठका ठरल्या तारखेला बंद करा. अपिलाचं काम ज्या दोघा-तिघांनी अंगावर घेतलंय ते चालू ठेवतील, बाकीच्यांना सोडा. वह्या परत मागू नका. पुढच्या जूनच्या गटासाठी या तीस जणांतून तीन चालक निवडायचे असतील, तर वहीत सर्वांत जास्त खाडाखोड कुणाच्या आहे ते बघा.